सांच्याचें अस्तर

पूर्वीं आमच्या शुक्रवार पेठेंतल्या घरासमोर वर्षांतून दोनतीनदां कल्हईवाला भाता मांडून बसे, आणि घरांतलीं पितळेचीं पातेलीं त्याच्यापुढें ओळीनें ठेवण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. नवसागराचा पांढरा धूर उठला, तापल्या भांड्याला कथील लागलें आणि कापसाच्या बोळ्याचा एक हात फिरला, कीं पिवळें भांडें आंतून चांदीसारखें होई. त्या वयांत आम्हांला ती जादू वाटे. ती जादू नसून पुष्कळ पिढ्यांचा विचार होता, हें समजण्यास आम्हांला पन्नाशी गांठावी लागली, आणि तेंही साबणाच्या निमित्तानें.

गेल्या दोन वर्षांपासून अंगाला लावण्याचा साबण आम्ही घरींच करतों. हौस हें त्याचें कारण नव्हे. आमच्या काकूंचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांवर गेला म्हणजे त्यांच्या हातापायांची कातडी तडकते, आणि बाजारचा साबण त्यावर झोंबतो. त्यांतून साबणांत चरबी असते, ही त्यांची जुनी शंका. जन्मभर डाळीचें पीठ आणि शिकेकाई यांवर त्यांनीं निभावलें. पण पीठ भिजवून अंगाला चोळण्याइतकें बळ आतां बोटांत राहिलें नाहीं. शंका निराधार होती असेंही म्हणतां येत नाहीं. साबणांत जनावरांची चरबी वापरण्याची चाल जुनी आहे, आणि म्हणूनच मुंबईच्या आर्देशीर गोदरेज यांनीं १९१८ च्या सुमारास निव्वळ वनस्पतितेलांचा साबण काढला, तेव्हां तो चरबी वर्ज्य मानणाऱ्या घरांना सोयीचा वाटला. आजही वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘सोडियम टॅलोएट’ हे शब्द असतील तर त्या साबणांत चरबी आहे, आणि ‘सोडियम पामेट’ असतील तर पामतेल आहे, एवढें ठाऊक असलें म्हणजे पुष्कळ काम होतें. हें आम्हीं काकूंना समजावून सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें व त्या म्हणाल्या, “अक्षरें तुम्ही वाचायचीं आणि विश्वास मीं ठेवायचा. त्यापेक्षां डोळ्यांसमोर घरांत होईल तें करा.”

धाकट्या सुनबाई रसायनशास्त्र शिकलेल्या. हिशेब त्यांनीं मांडून दिला : खोबरेल ३०० ग्रॅम, करडईचें तेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कास्टिक सोडा ७६ ग्रॅम आणि पाणी १७५ ग्रॅम. या मापांत सोडा जरा कमीच पडतो आणि शेंकडा सुमारें सात भाग तेल साबण न होतां मोकळें राहतें. काकूंच्या कातडीला तेंच हवें होतें. सोडा पाण्यांत घालावा, पाणी सोड्यावर कधींही ओतूं नये, डोळ्यांना चष्मा व हातांत रबरी मोजे असल्यावांचून कामाला बसूं नये, हे नियमही त्यांनींच भिंतीवर लिहून लावले. करडईचें तेल घेण्याचा आग्रह मात्र आमचा. करडई हें आमच्या जिल्ह्याचें रब्बीचें जुनें पीक. दाराशीं पिकणारें सोडून परकें तेल कां घ्यावें? पुढचा बराचसा घोटाळा त्या आग्रहानें झाला. नुसत्या खोबरेलाचा साबण लवकर दगडासारखा होतो आणि सांच्यांतून सहज सुटतो, पण तो अंग कोरडें पाडतो. करडईच्या तेलांत लिनोलिक आम्लाचा भाग फार मोठा असल्यामुळें त्याचा साबण मऊ होतो, उशीरां आळतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. म्हणजे आमच्या साबणाला सांच्यापेक्षां सांच्याच्या अस्तराचीच चिंता अधिक होती.

सांचा म्हणून घरांतली एक सागवानी पेटी घेतली. ती आंतून २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ५ खोल. साबण तींत अडीच सेंटिमीटर उंचीपर्यंत येई आणि त्याच्या आठ वड्या पडत. अस्तर कशाचें घालावें, हा प्रश्न थोरल्या वहिनींनीं एका वाक्यांत निकालांत काढला. “ताटाला तुपाचा हात लावला कीं नारळाची वडी सुटते. ही काय निराळी वडी आहे?” चाळीस वर्षें ज्यांच्या वड्या कधीं मोडल्या नाहींत त्यांच्याशीं वाद कोण घालणार? पेटीला आंतून तूप लावलें, मिश्रण ओतलें, आणि तिसऱ्या दिवशीं ती उपडी केली. ठोकून पाहिली, उन्हांत ठेवून पाहिली, साबण हलेना. शेवटीं कालथ्यानें खरवडला, तेव्हां वड्यांच्या जागीं भुगा हातीं आला.

असें कां व्हावें? साबण म्हणजे तेलांतलीं मेदाम्लें आणि दाहक क्षार यांची जुळणी. शेव्ह्रल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२३ सालीं ग्रंथ लिहून मेदाम्लांचें हें स्वरूप उलगडलें. आतां तूप हाही मेदच. सोड्याला आपलें तूप आणि खोबरेल यांत भेद करण्याचें कारण नव्हतें. त्यानें अस्तराचाच साबण केला आणि तो साबण लाकडाच्या रेषांत शिरून बसला. नारळाच्या वडींत तुपाला खाणारें कोणी नसतें, म्हणून तेथें तें राखणदार होतें. येथें राखणदारच शत्रूला जाऊन मिळाला. व्हॅसलिन खनिज तेलापासून निघत असल्यामुळें त्याचा साबण होत नाहीं, म्हणून पुढच्या खेपेस आम्हीं तें लावून पाहिलें. साबण सुटला खरा, पण वड्यांच्या अंगावर मेणचट पापुद्रा राहिला आणि पेटीचे कोपरे कोरडेच राहिल्यामुळें तेथें वड्या तुटल्या.

मग कागदांची पाळी आली. वर्तमानपत्र ओलें होऊन फाटलें आणि त्याच्या बातम्या साबणावर उलट्या उमटल्या. मेणकागद दिसण्यांत सुरेख. परंतु साबण होत असतांना मिश्रण स्वतःच तापतें आणि मधल्या भागाची उष्णता ६० अंशांच्या पुढेंही जाऊं शकते. तितक्या उष्णतेंत मेण वितळूं लागतें, आणि मग उरतो तो साधा कागद. सीरियांतील अलेप्पो शहरीं ऑलिव्ह व लॉरेल यांच्या तेलांचा प्रसिद्ध साबण मेणकागदावरच ओतीत आले आहेत, असें वाचून आम्ही त्या वाटेला गेलों होतों. त्या कलेला २०२४ सालीं युनेस्कोनें वारशाचा मान दिला. परंतु तो साबण मोठ्या कढईंत दिवसेंदिवस शिजवून तयार झाल्यावर जमिनीवर ओततात. त्यांतला सोडा तोंवर आपलें काम संपवून थंडावलेला असतो. आमचा साबण न शिजविलेला, म्हणून सांच्यांत पडतांना त्याचा सोडा जागा असतो. दुसऱ्याची रीत उचलतांना त्याच्या कामाच्या कोणत्या टप्प्यावर ती बसते तें पाहावें, हें तेव्हां कळलें. मुलांच्या आग्रहास्तव केळीचें पानही घालून पाहिलें. तें काळवंडलें, आणि पांढऱ्या वड्यांवर त्याच्या शिरांचे तपकिरी पट्टे तेवढे उठले.

बाजारांत ‘बटर पेपर’ या एकाच नांवानें दोन निराळे कागद मिळतात, ही गोष्टही अनुभवानेंच कळली. एक नुसता गुळगुळीत दाबलेला असतो. तो तेल अडवितो पण ओलाव्यानें सुरकुततो व साबणाला चिकटतो. दुसरा भट्टींत केक भाजण्यासाठीं केलेला, सिलिकोनचा लेप दिलेला असतो. साबणासाठीं तोच घ्यावा. दुकानांतच ओळखायचा असेल तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून थोडें थांबावें. पहिला कागद थेंबाखालीं फुगून वांकतो. दुसऱ्यावर थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहतो.

हें सगळें लिहितों आहों तें जणूं खेळ चालला होता अशा सुरांत. तसा तो चालला होताही, चौथ्या खेपेपर्यंत. त्या दिवशीं घरांतला कागद संपला होता आणि बाजारांत जाण्याचा कंटाळा आला, म्हणून पोळ्या गुंडाळण्याचा चंदेरी कागद आम्हीं स्वतःच्या हातानें पेटींत बसविला. सुनबाई तेव्हां बाहेर गेल्या होत्या. कागद कसा छान बसला, कोपरे कसे नीट वळले, यांतच आम्ही खुश. मिश्रण ओतल्यावर थोड्याच वेळांत कडेनें बुडबुडे येऊं लागले. मग सळसळ ऐकूं आली, पांढरें मिश्रण करड्या रंगाचें होऊन फुगूं लागलें आणि उग्र वाफ उठली. सहा वर्षांचा पुतण्या स्टुलावर चढून पेटींत वांकून पाहत होता. आम्ही उठेपर्यंत शेजारीं बसलेल्या काकूंनीं त्याला मागें ओढलें, आणि त्या ओढाताणींत पेटी कलंडून त्यांच्या उजव्या मनगटावर तो फसफसता लोळ सांडला.

नळाला आमच्याकडे रोज पाणी येत नाहीं, आणि त्या दिवशींही आलेलें नव्हतें. पिंपांत भरून ठेवलेलें पाणी तांब्यातांब्यानें आम्ही मनगटावर ओतूं लागलों. कोणी तरी व्हिनेगर आणण्यास धांवलें; तेवढ्यांत सुनबाई परत आल्या आणि त्यांनीं तें थांबविलें. दाहक क्षारावर आम्ल ओतलें तर दोहोंच्या जुळणींत उष्णता निघून इजा वाढते. अशा वेळीं साधें पाणी, भरपूर आणि निदान वीस मिनिटें, हाच उपाय. त्यांनीं दुसरें काम केलें तें ओट्यावरच्या चहाच्या आधणाखालचा गॅस बंद करण्याचें. अॅल्युमिनियम आणि कास्टिक सोडा यांचा संबंध आला कीं हायड्रोजन वायु सुटतो व तो पेट घेणारा असतो, हें आम्हांला त्या वेळीं समजलें. पिंप रिकामें झाल्यावर काकूंना डॉक्टरांकडे नेलें. जखम तीन आठवड्यांत भरली. बांगडीच्या जागेवर रुपयाएवढा डाग राहिला.

त्या रात्रीं साबणाचा उद्योग कायमचा बंद करण्याचें आम्हीं ठरविलें आणि तसें काकूंच्या कानावर घातलें. त्या रागावल्या नाहींत. त्यांनीं विचारलें, “तो कागद कशाचा होता?” आम्हीं सांगितलें. “म्हणजे आपल्या त्या हलक्या भांड्यांचाच ना? त्यांत ताक ठेवूं नये, चिंचेचें सार करूं नये, हें या घरांत कोणाला ठाऊक नव्हतें? पितळेला कल्हई तरी आपण कशासाठीं करीत होतों? आंत काय ओतायचें तें आधीं पाहायचें आणि मग भांडें उचलायचें. तुम्हीं भांडें पाहिलें, आंत काय पडणार तें पाहिलें नाहीं.” एवढें बोलून त्या भिंतीकडे वळून झोंपल्या.

आम्हांला मात्र झोंप आली नाहीं. कल्हई म्हणजे दुसरें काय होतें? तें पितळेचें अस्तरच. आंबट पदार्थानें पितळेंतलें तांबें उतरूं नये म्हणून मध्यें कथलाचा पातळ पडदा. आम्हीं तीन महिने अस्तराचा विचार केला तो वडी सुटते कीं नाहीं एवढ्यापुरता. अस्तराला काय सोसावें लागणार आहे, हा प्रश्न एकदांही मनांत आला नाहीं. तूप फसलें तेव्हांच तो यायला हवा होता. दुसऱ्या दिवशीं सुनबाईंबरोबर बसून घरांतल्या एकेका वस्तूची आम्हीं चौकशी केली. अॅल्युमिनियम बाद. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बाद, कारण जस्तावरही सोडा चालून जातो. नवल म्हणजे कथीलही तीव्र क्षारापुढें टिकत नाहीं. जी कल्हई चिंचेला पुरून उरली ती येथें निरुपयोगी. तांबें व पितळ यांच्या स्पर्शानें साबणांतलें मोकळें तेल लवकर खवट होतें. टिकणारीं म्हणजे स्टेनलेस स्टील, न टवके उडालेलें इनॅमल, दुधाच्या पिशवीचें पॉलिथिन, सिलिकोन आणि सिलिकोनचा कागद. पिशवी फुकट मिळते, धुऊन-पुसून उलगडली तर साबण तीपासून सहज सुटतो. फक्त ती ताणून बसवावी लागते, नाहीं तर तिची प्रत्येक सुरकुती वडीवर उमटते.

उद्योग बंद झाला नाहीं याचें श्रेय काकूंना आहे. महिन्याभरानें त्यांनींच विचारलें, “माझा साबण संपत आला. पुढचा कधीं?” आणि त्याबरोबर एक अडचण सांगितली. आमच्या वड्या गुळगुळीत कागदावरून निघाल्यामुळें फार निसरड्या होत्या. त्या हातांतून निसटत, आणि न्हाणीघरांत वडी उचलायला वांकतांना काकूंचा एकदां तोल गेला होता. डाग पडलेलें मनगट अजून पुरतें वळत नव्हतें. वडीला थोडा खरखरीतपणा यावा म्हणून तळाशीं कापड घालावें असें ठरलें. वहिनी म्हणाल्या, काकूंचा साबण आहे, तर जुन्या रेशमी सोवळ्याचा तुकडा घालूं. या वेळीं मात्र आम्हीं आधीं परीक्षा घेतली. सुनबाईंनीं स्टीलच्या वाटींत सोड्याच्या पाण्यांत रेशमाचा एक तुकडा, धाबळीचा एक तुकडा आणि सुती चिंधी अशा तीन वस्तु टाकल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों रेशीम आणि लोकर यांचा चिकट लगदा झालेला, आणि चिंधी जशीच्या तशी, किंबहुना जरा तकतकीत. रेशीम व लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे धागे क्षारांत विरघळतात. कापूस विरघळत नाहीं. उलट जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थानें १८४४ सालीं सुती कापडाला कास्टिक सोड्याचा संस्कार देऊन पाहिला, आणि पुढें त्यांतूनच सुताला बळ व चमक देणारी रीत निघाली. मर्सराइज्ड सूत हा शब्द सोलापुरांत कोणाला नवा नाहीं. १८७७ सालीं येथें जुनी गिरणी निघाली तेव्हांपासून हें गांव सुताच्या जिवावर वाढलें. ती गिरणी बंद होऊन कित्येक दशकें लोटलीं तरी सुताची ओळख गांव विसरलेलें नाहीं. काकूंनीं मोठ्यानें हंसून सांगितलें, “म्हणजे सोवळें विरघळलें आणि ओवळें टिकलें! माझ्या जुन्या पातळाचा पदर घ्या.”

तेव्हांपासून आमची रीत अशी आहे. सिलिकोनच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापतों : एक २० सेंटिमीटर रुंद व २९ लांब, ती पेटीच्या रुंदींतून आडवी जाते, दुसरी १५ रुंद व ३४ लांब, ती लांबींतून उभी जाते. दोन्हींचीं टोकें कांठावर दोन-दोन सेंटिमीटर बाहेर राहतात, म्हणजे तींच धरून साबण वर उचलतां येतो. पेटीच्या कडांवर कागदाला नखानें आधींच घड्या पाडून घ्याव्या. कोपऱ्यांत पोकळी राहिली तर मिश्रण मागें शिरतें. त्यावर तळाशीं सुती कापडाचा नेमका मापाचा तुकडा अंथरतों. तो अनेकदां धुतलेला, खळ गेलेला, भिजवून घट्ट पिळलेला आणि तळहातानें सुरकुती काढून बसविलेला असावा. साबण दोन-तीन दिवसांनीं, पनीराइतका घट्ट झाला कीं, मोजे घालून काढतों आणि कापड एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलतों. फार दिवस ठेवल्यास धागे आंत धरले जातात. मग आठ वड्या कापून सुपांत कागदावर, एकमेकींना न लागतां, चार ते सहा आठवडे सावलींत वाळवतों. ओतण्याच्या दिवशीं मुलें माडीवर असतात, आणि भरलेलें पिंप शेजारीं असल्यावांचून सोड्याचा डबा उघडत नाहीं.

पातळाची वीण वडीवर स्पष्ट उमटते. उभा धागा, आडवा धागा, आणि एका बाजूस कांठाची जाड रेघ. ती छाप पांच-सहा स्नानांत पुसट होते व वडी पुन्हा निसरडी बनते. तेव्हां काकू ती आमच्या साबणदाणींत आणून ठेवतात आणि सुपांतून नवी उचलतात. आमच्या वांट्याला नेहमीं अर्धी झिजलेलीच वडी येते. तिच्यावर तक्रार करण्याचा अधिकार या घरांत आम्हांला उरलेला नाहीं, आणि तो परत मागावा असें वाटतही नाहीं.